पन्नास वर्षांत केलं काय, म्हणे!

सकाळी आमच्या सांगोला तालुक्याच्या (जि. सोलापूर) ग्रुपवर एकाने रील टाकलं. कुठल्याशा पुढाऱ्याचा वाढदिवस, काळ्या गाड्यांची रांग, जेसीबीतून फुलं, कानठळ्या बसवणारा डीजे. खाली एका पोराची कमेंट: 'ह्याला म्हणतात नेता. नायतर आबासाहेब! पन्नास वर्षं आमदार राहून केलं काय?'

डोकंच फिरलं. ग्रुपवर भांडलो नाही, म्हणून इथं लिहितोय.

बाहेरच्या मित्रांसाठी: आबासाहेब म्हणजे गणपतराव देशमुख. १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले आणि पुढं त्याच सांगोल्यातून एकूण ११ वेळा. १९७२ ला पडले, १९९५ ला पडले, पण शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, सोडला नाही. पक्षातले मोठमोठे लोक कधीच काँग्रेसमध्ये जाऊन बसले होते. हे मात्र पडल्यावरही शेकापच्या लाल बावट्याखालीच.

मी शाळेत असताना आजीबरोबर एसटीने पंढरपूरला निघालो होतो. आबासाहेब गाडीत चढले. पांढरे कपडे, हातात पिशवी. आजीने ओळखलं आणि सुरूच झाली, "आबा, हापसा बंद पडून म्हैना झाला, कुनाला सांगायचं आमी?" मला लाज वाटत होती. अख्खी गाडी ऐकत होती, आणि हा माणूस मान हलवत तिचं सगळं ऐकून घेत होता. हापशावरून ती चुलत्याच्या बांधावर गेली, तेही ऐकलं.

आता सांगा, त्या काळ्या गाडीची काच कुठल्या म्हातारीसाठी खाली होते? काच सोडा, पीए तरी फोन उचलतो का?

केलं काय म्हणे. अरे, आपल्याकडं कापूस तो किती, तिथं सहकारी सूतगिरणी काढून चालवून दाखवली. राज्यात गिरण्यांना टाळं लागत असताना! तुझ्या-माझ्या गावातल्या किती घरांची चूल त्या पगारावर पेटली, घरी विचार एकदा. दुष्काळी भागाला पाणी मिळावं म्हणून नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदेत वर्षानुवर्षं बसले ते काय फोटोसाठी? तेव्हा रील नव्हतं बाबा.

बरं, मान्य. टेंभू-म्हैसाळ या उपसा योजनांचं पाणी यायला एक अख्खी पिढी गेली. माझ्या बरोबरीची निम्मी पोरं तोवर पुण्याला कंपनीत लागली, मीही त्यातलाच. मंत्रिपद मिळालं ते १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद सरकारमध्ये आणि नंतर १९९९ च्या आघाडीत, बाकी जन्म विरोधी बाकावर. सत्तेत गेले असते तर पाणी लवकर आलं असतं, असं आमचे वडीलही चिडून म्हणायचे. म्हणायचे, आणि मत देताना पुन्हा शेकापच्या खटाऱ्यावरच शिक्का.

का, ते मला त्या एसटीत कळलं. आजीचा हापसा त्या आठवड्यात दुरुस्त झाला की नाही, खरंच आठवत नाही. पण गावात येऊन तिने सगळ्यांना सांगितलं, "आबाला चांगलं सुनावलं." आमदाराला सुनावता येतं, हे तिला माहीत होतं. आज आपल्याला येतं का? आपण पक्ष बदलल्याच्या बातम्या वाचतो, हसतो आणि मीम पाठवतो. 'काय झाडी, काय डोंगार' वर अख्खा महाराष्ट्र हसला, तो तेव्हाचा फुटलेला आमदार, शहाजीबापू पाटील, आमच्याच तालुक्याचा! २०१९ ला आबासाहेब वयामुळं थांबले, नातू उभा राहिला आणि ७६८ मतांनी पडला. त्यात आमच्या घरातलीही दोन मतं फिरली होती, आता कोणाला बोलणार?

आणि हो, नातू उभा केला ही घराणेशाहीच. मला पटली नव्हती.

२०२१ च्या जुलैत आबासाहेब गेले तेव्हा लॉकडाऊनचं निमित्त सांगून मी गावी गेलो नाही. आजी तर त्याआधीच गेलेली. असती तर चालत निघाली असती.

आता २०२४ पासून दुसरे नातू, बाबासाहेब, आमदार आहेत. त्यांना आजोबांच्या नावावर सूट नाही, पाण्याच्या आवर्तनाचं विचारणारच, आणि तेही चारचौघांत. कमेंटमध्ये कोणी जात काढली तर सरळ ब्लॉक करणार, आधीच सांगून ठेवतो.