बिलात साडेतीन लिटर, इंजिनात मात्र गेल्या वर्षीचंच तेल

साडेतीन लिटर इंजिन ऑइल, एक ऑइल फिल्टर, एक ड्रेन वॉशर (तेल काढायच्या बोल्टखालची चकती). तिन्ही बिलावर छापलेत, जीएसटीसकट पैसे घेतलेत, आणि गाडीत यातलं एकही गेलेलं नाही!

शनिवारी संध्याकाळी गाडी सर्व्हिसिंगहून आणली. धुऊनपुसून चकाचक, डॅशबोर्डला पॉलिश, पायाखाली कागद. रविवारी सकाळी इंजिन थंड असताना बॉनेट उघडलं, डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी, काढली, फडक्याने पुसली, परत घालून काढली. काळंकुट्ट तेल, आणि तेही जेमतेम खालच्या खुणेला टेकलेलं. माझी गाडी पेट्रोलची आहे. पेट्रोल गाडीत नवं तेल मधाच्या रंगाचं असतं आणि सर्व्हिस सेंटरपासून घरापर्यंतच्या आठ किलोमीटरमध्ये ते असं काळं होत नाही. (डिझेलचं वेगळं असतं. तिथे काजळीमुळे नवं तेलही लगेच काळं पडतं. म्हणजे डिझेलवाल्यांना तर कळायलाही मार्ग नाही.)

मग खाली वाकून टॉर्च मारला. फिल्टरवर मार्करने लिहिलेली गेल्या वर्षीची तारीख, माझ्याच हातची! गेल्या वर्षी ओळखीच्या गॅरेजमध्ये समोर उभं राहून बसवून घेतला होता. यंदा मिस्त्री गावी गेलेले, म्हणून या काचेच्या शोरूमवाल्यांकडे गेले.

फोन लावला. सर्व्हिस अॅडव्हायझर म्हणतो, ‘मॅडम, तेल एका दिवसात काळं होतंच.’ तारखेचं सांगितलं तर दोन सेकंद गप्प, आणि मग, ‘तुम्ही असं करा ना, उद्या मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो.’

मला समजावू नका. माझे वडील कराडकडे वडापची जीप चालवायचे. पैशांची ओढाताण होती म्हणून एका वर्षी त्यांनी तेलबदली पुढे ढकलली, वरून अर्धा-अर्धा लिटर ओतत राहिले. इंजिनचं काम निघालं. जीप दीड महिना गॅरेजमध्ये उघडी पडून होती, आणि त्या दीड महिन्यात घरात काय होतं ते मला अजून आठवतं. तेल म्हणजे काय हे मी तिथे शिकले.

क्रँकशाफ्ट (इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा) आणि त्याला आधार देणारं बेअरिंग यांच्यामध्ये चालत्या इंजिनात असतो तो तेलाचा काही मायक्रॉनचा थर, आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पातळ. गाडी २००० आरपीएमवर चालते तेव्हा तो शाफ्ट सेकंदाला तेहेतीस वेळा फिरतो, आणि धातूला धातू लागू न देण्याचं काम तो थर करतो. पिस्टनची उष्णता तेलच वाहून नेतं, काजळी आणि धातूचा कीस तेलच स्वतःत धरून ठेवतं. हे करता करता ते झिजतं. तापून तापून त्याचं ऑक्सिडेशन होतं, त्यातली अॅडिटिव्ह, म्हणजे मुद्दाम मिसळलेली रसायनं, संपतात, थोडं पेट्रोल, थोडं पाणी मिसळतं. मग चिखलासारखा गाळ धरतो आणि तेल जायच्या बारीक वाटा बुजतात. वरून नवं ओतलं तरी जुनी घाण चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी जिथे तेल साठतं तिथे, तशीच राहते. आणि फिल्टर तुंबला की त्यातला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल न गाळताच पुढे जातं, कारण इंजिन कोरडं पडण्यापेक्षा गाळलेलं नसलेलं तेल बरं. म्हणजे माझ्याकडून नव्या फिल्टरचे पैसे घेऊन यांनी इंजिनाला गढूळ तेल पाजायची सोय केली होती!

‘गाडी फारशी चाललीच नाही तुमची, सहाच हजार किलोमीटर,’ हेही फोनवर त्याने ऐकवलं. अहो, मॅन्युअलमध्ये दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं लिहिलंय. हडपसरहून हिंजवडीला जाऊन बघा. दीड-दोन तास इंजिन चालू आणि मीटरवर पंचवीस-तीस किलोमीटर. सिग्नलला उभ्या गाडीतलं तेल काय विश्रांती घेतं? कमी अंतराच्या फेऱ्यांमध्ये तर इंजिन नीट तापतच नाही, आत जमलेलं पाणी उडून जात नाही. कमी चाललेल्या गाडीचं तेल वर्षाने बदलायचं ते याचसाठी.

संताप याचा येतो की चोरी नेमकी तिथेच करतात जिथे दिसत नाही. वायपर बदलला नाही तर पहिल्या पावसात कळेल. तेल बदललं नाही तर तीन-चार वर्षांनी गाडी निळा धूर सोडेल, तेल पिऊ लागेल, आणि तेव्हा हेच लोक मान हलवून सांगतील, ‘मॅडम, मेंटेनन्स नीट झाला नाही.’ पंधराशे-दोन हजारांच्या तेलासाठी माणसाचं इंजिन खातात. वर ग्राहकाला आत उभं राहू देत नाहीत. काचेमागे बसा, कॉफी घ्या, टीव्ही बघा. का? माझी गाडी आहे, मला ड्रेन बोल्ट उघडताना बघू द्या. जुना फिल्टर माझ्या हातात द्या. नव्या डब्याचं सील माझ्यासमोर फोडा.

सोमवारी मीच गेले, मिस्टर नाहीत. गाडी लिफ्टवर घ्यायला लावली, समोर बोल्ट उघडायला लावला. भांड्यात जे पडलं ते बघून तिथला पोरगाही माझ्या नजरेला नजर देईना. तो बिचारा सांगितलं तेवढं करतो, त्याच्यावर माझा राग नाही. मॅनेजर आले, ‘चुकून राहिलं, व्हील अलाइनमेंट फ्री करून देतो’ म्हणाले. चुकून? तेल, फिल्टर, वॉशर, तिन्ही चुकून राहिले आणि बिलात तिन्ही बरोबर लागले? मी अलाइनमेंट घेतलं नाही. लेखी तक्रार दिली, पोच घेतली.

मी पोचेवर शिक्का मारून घेत होते तेव्हा शेजारच्या काउंटरला एक आजोबा चष्मा कपाळावर सरकवून बिलावर सही करत होते. त्यांना म्हटलं, ‘काका, सही थांबवा. आधी डिपस्टिक काढून बघू.’