भाडं परवडतं, डिपॉझिट परवडत नाही

यंदा लातूर, परभणी, चंद्रपूरकडून नोकरीसाठी मुंबईत येणाऱ्या पोरापोरींना आधी एक हिशेब सांगतो. समजा, २५ हजार भाड्याचा वन बीएचके दोघांनी मिळून घ्यायचा ठरवला. चार महिन्यांचं डिपॉझिट म्हणजे १ लाख, ब्रोकरला एक महिन्याचं भाडं आणि पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ. किल्ली हातात यायच्या आधीच दीड लाख गेले. पहिला पगार अजून महिनाभर लांब असतो. दरमहा साडेबारा हजार भरणं जमेल हो, पण हे ७५ हजार एकदम आणायचे कुठून? बापाच्या सोयाबीनमधून, नाहीतर मामाकडून उसने. ज्याला मामा नाही तो बदलापूरच्या पुढे किंवा कॉट बेसिसवर, म्हणजे भाड्याच्या एका खाटेपुरत्या जागेत.

मालकांची बाजू मला कळत नाही असं नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्यातूनच पागडी, म्हणजे कमी भाड्याचं घर मिळवायला एकरकमी मोजायचे पैसे, फोफावली. पुढे १९७३ मध्ये कायदा बदलला आणि लायसन्सवर, म्हणजे मालकाच्या नुसत्या परवानगीने, राहणारेही संरक्षित भाडेकरू झाले. मालकांनी घरं कुलूप लावून ठेवली, यात नवल नाही. पण १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा येऊनही आता किती वर्षं झाली! त्याच्या कलम २४ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची (ठरावीक मुदतीपुरतं राहू देणाऱ्या कराराची) मुदत संपल्यावर घर सोडलं नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडून बाहेर काढता येतं, वर दुप्पट भाड्याने भरपाई. म्हणजे भीतीचं कारण गेलं, डिपॉझिट मात्र राहिलं.

त्याच कायद्याचं कलम ५५ आपल्या कामाचं. करार लेखी हवा आणि रजिस्टर हवा, ११ महिन्यांचा असला तरी. "अकरा महिन्यांचाच आहे, नोटरी चालते," असं ब्रोकर हमखास सांगेल. महाराष्ट्रात चालत नाही. रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे, आणि केला नाही तर अटींच्या वादात उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. खर्चही किरकोळ. वरच्या हिशेबाला पाव टक्का स्टॅम्प ड्युटी आणि हजार रुपये नोंदणी धरली तर सगळं दोनेक हजारांत बसतं. एजंट पाच-सहा हजार मागतो ती त्याची मजुरी, सरकारची नव्हे.

सोसायटीबद्दल थोडक्यात. तिथे आधी आडनाव विचारतात, मग नॉनव्हेज, मग लग्न. आडनावावरून काय मोजतात ते तुम्हाला मी सांगायला नको. "बॅचलर चालणार नाही" हे सेक्रेटरी असं म्हणतो, जणू तो स्वतः बोहल्यावरच जन्मला.

आणि घर सोडताना? "पेंटिंगचे कापले." राहायला आलो तेव्हाच पोपडे आलेल्या भिंतीचे पैसे माझ्याही डिपॉझिटमधून गेले, कारण फोटो सोडाच, करारात त्यावर एक ओळही नव्हती. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचं डिपॉझिट सांगितलंय. पण तो स्वीकारायचा की नाही हे राज्यांच्या हातात. इथे डिपॉझिट अजून मालक म्हणेल तेवढंच.

तेव्हा टोकन द्यायच्या आधी विचारा: करार रजिस्टर करणार ना? डिपॉझिट किती दिवसांत परत देणार आणि कशाकशाचे कापणार, हे त्यात लिहिणार ना? मालक चिडला तर घर सोडून द्या, तो जातानाही चिडणारच आहे.

माझ्यासोबत आलेले काही मित्र आता ठाण्या-कल्याणला स्वतःचे फ्लॅट भाड्याने देतात. त्यांना विचारतोय, टोमणा नाही: दोन महिन्यांच्या डिपॉझिटमध्ये तुमचं नेमकं कुठे अडतं? खाली लिहा.