हॉटेलात मासे खाताना घ्यायची काळजी (हॉटेलवाल्याला त्रास होऊ नये म्हणून)

परवा पुण्यात एका बऱ्यापैकी नाव असलेल्या हॉटेलात साडेसहाशेचा रावस फ्राय मागवला. तेव्हापासून वाटतंय की आपल्या लोकांना मासे खायचं जरा वळण लावायला हवं, म्हणून या चार सूचना.

मेनूकार्डवर लिहिलंय तोच मासा आहे असं समजायचं. ताटात काय आलंय हा वेगळा विषय.

रवा खरवडून आत बघायचं नाही. मी बघितलं, म्हणून सांगतोय. रावसाच्या तुकडीला नुसतं बोट लावलं तरी जाड जाड पाकळ्या सुटतात, इथे दाबलं तर स्पंज, आणि रव्याखालून पांढरं पाणी ताटभर. काटा नाही, साल नाही, समुद्राचा वास तर औषधालाही नाही. सरळसरळ बासा! वेटर म्हणतो, "सर रावसच आहे, बोनलेस आहे ना, म्हणून तसा लागतो." वा! म्हणजे काटा काढला की रावसाचा धर्म बदलतो. बरं बासाशी माझं काही वैर नाही, मूळचा व्हिएतनामच्या मेकाँग नदीकडचा मासा, आता आंध्रातल्या तळ्यांत ढिगाने होतो, स्वस्त असतो, पोरं आवडीने खातात, खाऊ द्या की, पण मग बासाचे पैसे घ्या ना, डोकं शेपटी साल सगळं उडवायचं, वर लाल मसाला थापायचा, आणि बिलात मात्र रावस, सुरमई, जिताडा, ज्याच्या नशिबात जे असेल ते!

पापलेट आलं तर त्याचं तोंड उघडून बघू नका. माणसासारखे दात दिसले तर तो रूपचंद, म्हणजे दक्षिण अमेरिकेतला पाकू, तोही तळ्यातलाच. खरं पापलेट 2023 पासून आपला राज्यमासा आहे, एवढ्या मोठ्या माणसाची अपॉइंटमेंट तुम्हाआम्हाला कशी मिळणार.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटी बंद असतात. भर जुलैत दाराबाहेरच्या फळ्यावर 'आजचा ताजा कॅच' लिहिलेलं दिसलं तर मान डोलवायची, कुठून आला विचारायचं नाही.

अन्नसुरक्षा आणि मानके कायद्याच्या (रेशनचा नव्हे, भेसळीचा) कलम 50 मध्ये, गिऱ्हाइकाने मागितलं ते न देता भलतंच दिलं तर 5 लाखांपर्यंत दंड आहे. हसताय कशाला?

बास, मला आता हे गोड बोलणं जमत नाहीये. कोळणीच्या टोपलीसमोर उकिडवं बसून कल्ले उघडून बघता, बोटाने दाबून बघता, वीस रुपयांसाठी त्या बाईशी हुज्जत घालता, आणि एसीत बसलं की तोंडाला कुलूप? तिने कधी तुम्हाला बासा रावस म्हणून विकलाय? तिच्याकडे अख्खा मासा समोर असतो, डोळ्यांसकट. पण तुम्हाला काटा नको, वास नको, घरात साफ करायची कटकट नको, मग लोक तुम्हाला तेच देणार, आणि देतायत.

आणि हॉटेलवाल्यांनो, बासा लिहायला लाज वाटते, रावसाचे पैसे घ्यायला नाही वाटत? तीनशे रुपये लावा आणि कार्डावर बासा असं स्वच्छ लिहा, मी स्वतः येऊन खातो. नाहीतर किचनमधून तो मासा सालीसकट बाहेर आणून दाखवा. तोवर साडेसहाशेचं बिल टेबलावर आपटायची हिंमत करू नका.