‘एक वाढलं की दुसरं वाढतं’ म्हणजे समप्रमाण? नाही!

परीक्षा जवळ आली की पालकांच्या आणि क्लासच्या ग्रुपांवर एक चित्र हमखास फिरतं. त्यावर तीन ओळी. एक वाढलं की दुसरं वाढतं, ते समप्रमाण. एक वाढलं की दुसरं घटतं, ते व्यस्त प्रमाण. आणि बारावीवाल्यांसाठी वरची चिठ्ठी: डेरिव्हेटिव्ह (म्हणजे बदलाचा दर) धन आला तर सम, ऋण आला तर व्यस्त. खाली ‘पाच सेकंदांत उत्तर!’ उत्तर पाच सेकंदांत येतं खरं, पण बरोबर आलं तर नशीब.

पहिली ओळ घेऊ. २० अंश सेल्सिअस म्हणजे ६८ फॅरनहाइट आणि ४० म्हणजे १०४. दोन्ही आकडे वाढले. पण सेल्सिअस दुप्पट झालं तेव्हा फॅरनहाइट दीडपटीच्या जेमतेम वर गेलं. हे समप्रमाण नव्हे. नुसतं वाढून भागत नाही, तितक्याच पटीनं वाढावं लागतं, म्हणजे दोघांचा भागाकार कायम राहावा लागतो. आठवीच्या पुस्तकात त्यालाच चलनाचा स्थिरांक म्हटलंय.

स्वयंपाकघरात हे लगेच कळतं. भाकरीचा व्यास दुप्पट करायचा आणि जाडी तीच ठेवायची, तर पीठ चौपट लागतं. व्यास वाढला तसं पीठही वाढलं, म्हणून समप्रमाण समजून दुप्पटच पीठ मळलंत, तर जाडी निम्मी होईल आणि ती भाकरी तव्यापर्यंत धड पोचणार नाही. इथं पीठ समप्रमाणात आहे, पण व्यासाच्या वर्गाशी.

दुसऱ्या ओळीचं दुखणंही तेच. २० सेंटिमीटरची मेणबत्ती तासाला २ सेंटिमीटर जळते. तासाभरानं उरते १८, दोन तासांनी १६. वेळ वाढला, उंची घटली. व्यस्त प्रमाण असतं तर वेळ दुप्पट झाल्यावर १८ चे ९ झाले असते. व्यस्त प्रमाणात गुणाकार कायम लागतो. इथं वेळ गुणिले उंची १ × १८ म्हणजे १८ वरून २ × १६ म्हणजे ३२ वर गेली. (‘दहा मजूर विहीर सहा दिवसांत खणतात’ छापाच्या गणितांतही गुणाकार कायम असतो, कारण तसं आपण धरून चालतो. साठ मजूर एकाच विहिरीत उतरवून पाहा.)

आता तिसरी ओळ, जी मला सगळ्यांत जास्त खुपते. य = ३क्ष यात डेरिव्हेटिव्ह ३, धन, हे बरोबर. पण गाईला चार पाय असतात म्हणून चार पायांचं जे दिसेल त्याच्याखाली चरवी घेऊन बसायचं का? य = −३क्ष घ्या. डेरिव्हेटिव्ह ऋण, तरी समप्रमाणच. य = −१/क्ष घ्या. व्यस्त प्रमाण, आणि डेरिव्हेटिव्ह १/क्ष², म्हणजे धन! ओळ दोन्हीकडून पडली.

‘धन-ऋण सोडा, डेरिव्हेटिव्ह स्थिर आला की सम’ अशी सुधारित आवृत्तीही ऐकू येते. फॅरनहाइटच्या सूत्रात सेल्सिअसला १.८ नं गुणून ३२ मिळवतात. डेरिव्हेटिव्ह काढताना ३२ गळून पडतो आणि उरतो १.८, अगदी स्थिर. समप्रमाण बिघडवणारा तो ३२ च होता. डेरिव्हेटिव्ह सांगतो या क्षणी बदलाचा दर किती. सुरुवात कुठून झाली, ते त्याला ठाऊक नसतं.

मग प्रमाणाचं आणि डेरिव्हेटिव्हचं नातं काय? समप्रमाणात डेरिव्हेटिव्ह प्रत्येक ठिकाणी य भागिले क्ष इतकाच येतो. व्यस्तात तितकाच, पण ऋण चिन्हासह. मुंबई ते पुणे १५० किलोमीटर धरा. ताशी ५० च्या वेगानं १८० मिनिटं लागतात. १८० भागिले ५० म्हणजे ३.६, तेव्हा वेग ताशी एका किलोमीटरनं वाढवला की साधारण साडेतीन मिनिटं वाचावीत. प्रत्यक्ष भागाकार करून पाहिला तर ३.५३ येतात. तोच एक किलोमीटर १०० च्या वेगावर वाढवला तर? तिथं ९० मिनिटं लागतात, तेव्हा ९० भागिले १००, म्हणजे ०.९. एक मिनिटसुद्धा नाही. वेग दुप्पट झाला आणि वाढीव किलोमीटरचा फायदा पावपट उरला, कारण १५०/क्ष चा डेरिव्हेटिव्ह −१५०/क्ष² आहे आणि तो वर्ग खाली बसलाय. एक्सप्रेसवेवर १०० ची मर्यादा ओलांडून ११० नं दामटणारे पूर्ण रस्ताभर तो वेग टिकवूनही आठ मिनिटंच वाचवतात. तेवढी फूडमॉलवर वडापावच्या रांगेत जातात.