एंडविन नाही बोलावलं तरी चालतं? नाही हो

सध्या एक गोष्ट सगळीकडे फिरतेय, की एनकर्सेस, म्हणजे टर्मिनलच्या (कमांड टाइप करायच्या) खिडकीत मेनू-चौकटी काढणारी लायब्ररी, वापरणारा प्रोग्राम संपला की टर्मिनल आपोआप पहिल्यासारखं होतं, शेवटी टर्मिनल पूर्ववत करायला बोलावायचं तिचं एंडविन (endwin) फंक्शन नुसतं शोभेला आहे. चूक आहे हे. इको (टाइप केलेलं अक्षर दिसणं), लाइन मोड (एंटर दाबेपर्यंत ओळ थांबवून ठेवणं) वगैरे सेटिंग्ज प्रोग्रामच्या नसतात, त्या टर्मिनल डिव्हाइसच्या असतात, त्यामुळे प्रोसेस गेली तरी कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्या परत जागेवर आणून ठेवत नाही, आणि मग प्रॉम्प्ट येतो, तुम्ही टाइप करताय पण पुढच्या प्रोग्राममध्ये अक्षरच दिसत नाही, आउटपुट जिन्यासारखं तिरकं उतरत जातं. काही शेल (तुमच्या कमांड घेणारे प्रोग्राम) बरंच सावरून घेतात म्हणून "माझ्याकडे तर चालतं" म्हणणारे भेटतात, त्यावर विसंबू नका.

अशा वेळी खिडकी बंद करायची गरज नाही, अक्षरं दिसली नाहीत तरी रीसेट (reset) टाइप करा, एंटर चाललं नाही तर कंट्रोल-जे दाबा.

आणि एंडविननंतर स्क्रीन कायमची गेली हेही खोटं, परत रिफ्रेश (refresh) फंक्शन बोलावलं की येते, मधे एडिटर उघडणारे प्रोग्राम हेच तर करतात. पायथनवाल्यांनी सरळ कर्सेस या पायथनमधल्या मॉड्यूलचं रॅपर (curses.wrapper) फंक्शन वापरावं, मधेच एरर आली तरी ते एंडविन करतंच.