‘1 कप म्हणजे 250 ग्रॅम’ हे सरसकट खरं नाही
‘कोणताही जिन्नस घ्या, 1 कप म्हणजे 250 ग्रॅम’ असा मेसेज सगळीकडे फिरतोय. तो चुकीचा आहे. कपाने आकारमान मोजतात, वजन नाही. 240 मिलीच्या कपात पाणी 240 ग्रॅम भरतं, साखर साधारण 200, मैदा मात्र जेमतेम 120 ते 130. तोही चाळून अलगद भरला तर. दाबून भरलात की 150 पर्यंत जातो. मेसेजवर विसंबून कपाऐवजी 250 ग्रॅम मैदा घेतला, तर नानकटाईत तो दुपटीने पडतो, तूप अपुरं पडतं आणि पिठाचा गोळाच धरत नाही. आकारमान आणि वजन वेगळं असतं हे तेलाच्या पिशवीवरही दिसतं, 1 लिटरसोबत 910 ग्रॅम छापलेलं असतं. कृती वाटीच्या प्रमाणात असेल तर वजनकाटा काढूच नका, सगळं एकाच वाटीने मोजा.