कोजागिरीला पायी तुळजापूर

लातूरहून तुळजापूर साधारण पाऊणशे किलोमीटर. कोजागिरीला पायी जायचं ठरलं तसे मी शूज घेतले, पॉवरबँक घेतली, इयरफोन घेतले, म्हणलं एकट्यानं चालत मस्त ज्ञानाचे पॉडकास्ट ऐकू. पण आपल्याकडं कानात इयरफोन घातलेला माणूस म्हणजे ज्याच्याशी जरा मोठ्यानं बोलावं लागतं तो, एवढाच त्याचा अर्थ.

औशाच्या पुढं एक काका चिकटले. "कुठलं गाव म्हणावं?" पासून आडनाव, मामाचं गाव, पगार, सगळं निघालं. एसटीत निदान कुणीतरी उतरतं तरी, इथं मी पाय उचलला की काकाही उचलायचे आणि मी आडोशाला गेलो की रस्त्यावर तंबाखू मळत उभे! मग सोयाबीनचा विषय. 2024 सालची गोष्ट, हमीभाव क्विंटलला 4892 रुपये, बाजारात भाव त्याच्याही खाली, आणि सरकारी केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला की माल परत. खिशातून दाणे काढून म्हणले, "चावा." चावला. "दबला का फुटला?" मला काय कळतंय. "दबला म्हणजे ओला. कट्ट वाजला पायजे." मग वाजेपर्यंत चावायला लावलं, दाढ दुखायला लागली तेव्हा पास झालो.

पुढं पायाला फोड आले. झाडाखाली बसलेल्या एका आजीनं न विचारता माझा पाय मांडीवर घेतला, पिशवीतून सुई-दोरा काढला (डॉक्टर लोकांनी पुढचं वाचू नये) आणि दोरा फोडातून आरपार ओवून आतच ठेवला, पाणी झिरपायला. सुई घुसली तसा मी वरडलो. "गप बस, भूकंपात एवढं कुणी वरडलं नव्हतं." आजी किल्लारीकडच्या. 30 सप्टेंबर 1993, गणपती बुडवून लोक झोपलेले, पहाटे चारच्या आत दगडमातीच्या भिंती अन् वरचं माळवद सगळं अंगावर आलं. आजी त्या रात्री शेतात होत्या. हे सांगताना हात थांबला नाही, दुसरा फोडही ओवून झाला.

दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की देवी पुनवेपर्यंत पलंगावर झोपते, तो पलंगही नगरकडून पायीच येतो, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

दर्शनाच्या रांगेत आजी माझ्या पुढं दहा-बारा माणसं सोडून होत्या. मागं बोट करून शेजारणीला सांगत होत्या, "ते बघ, लातूरचं हाय, पगार बरा हाय, पण सोयाबीन वळखता येत नाही."